आमच्या घरात असं चालत नाही

तिचं नाव पार्सल. शाळेच्या हजेरीत दुसरं काहीतरी होतं, पण पार्सल हे तिनं स्वतःच ठेवलेलं. कोणी विचारलंच तर सांगायची, "एका घरातून उचलायचं, दुसऱ्या घरी पोचवायचं. घेणाऱ्याला पसंत पडलं नाही तर परत." आणि समोरच्याचा चेहरा पडला की खूश व्हायची. वय सोळा, कपाळभर मुरुमं, पायात मापापेक्षा मोठे बूट, आणि जीभ अशी की भाजी चिरायला सुरी लागू नये.

आईबाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या मुलांना सरकार दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला देतं. अशा घराला ऑफिसच्या भाषेत 'प्रतिपालक कुटुंब' म्हणतात. पार्सलच्या मते हा शब्द ज्याने काढला त्याला कुणी कधी जेवायला बोलावलं नसणार.

तिची चार घरं झाली होती, आणि चारही घरांनी तिला एकच वाक्य शिकवलं होतं.

"आमच्या घरात दुपारी कोणी लोळत नाही."

"आमच्या घरात टॉवेल असा वाळत घालत नाहीत."

"आमच्या घरात विचारल्याशिवाय फ्रिजला हात लावत नाहीत."

चौथ्या घरात तर उलटंच. "आमच्या घरात कोणी विचारत बसत नाही, हवं ते घ्यायचं. आम्ही काय परके आहोत?"

टॉवेल कसा वाळत घालायचा ते ती दोन दिवसांत शिकायची. पण मेख टॉवेलात नव्हती, त्या पहिल्या शब्दात होती. हीच माणसं पोटच्या पोरावर ओरडताना म्हणायची, "आपल्या घरात असं चालत नाही." ओरडा तोच, वटारलेले डोळे तेच. पण 'आपल्या'त ओरडा खाणाराही धरलेला असतो. 'आमच्या'त तो बाहेर, पायपुसण्यावर. म्हणून नव्या घरी गेलं की पार्सल खिडकी, पंखा, गादी काही बघायची नाही. कान टवकारून बसायची.

पाचवं घर काकूंचं.

काकू कवळ्या बनवायच्या. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं पाठवायचे आणि काकू बाहेरच्या खोलीत बसून प्लास्टर ओतायच्या, मेण लावायच्या, एकेक दात बसवायच्या, गुलाबी हिरड्या मोटरवर घासून चकचकीत करायच्या. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्या दिवशी पार्सल दारातच थबकली.

"घाबरलीस?"

"नाही. मला बघून एवढे जण एकदम दात काढताना पहिल्यांदाच पाहिले. एरवी एकदोनच असतात."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "जीभ बरी चालते. हात चालतात का?"

"सांगितलं तर."

"मग ते प्लास्टर कालव. आणि बूट काढ आधी. आमच्या घरात बूट बाहेर काढतात."

झालं. पाचवं घर, आणि अजून उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. मधल्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांना दिवसभर "घाबरू नका, शांत राहा" सांगून त्यांचा शब्दांचा कोटा संपून जायचा, त्यामुळे घरी ते मानेनं बोलायचे. पार्सल आल्यावर आठवडाभरात त्यांनी तिच्या उशाशी एक दिवा लावून दिला. बटण जुन्या लिफ्टचं, वर जाणाऱ्या बाणाचं. "कुठे नेतो हा?" तिनं विचारलं. काकांनी छताकडे बोट केलं आणि जेवायला निघून गेले.

वर्ष होत आलं. पार्सलचा हात कामावर बसला. गिऱ्हाइकांचे फोनही तीच घ्यायला लागली.

"कवळी टोचते? पहिले काही दिवस टोचतेच, आजोबा. नाही, बोलताना शिट्टी वाजते ती बंद होईल. थोडं सबुरीनं घ्या, फेकून देऊ नका."

"बरोबर सांगितलंस," काकू म्हणाल्या. "बसायला वेळ लागतो. टोचते म्हणून कोणी फेकतं का?"

"फेकत नाहीत, काकू. परत आणून देतात."

काकूंनी मोटर चालू केली. मोटरच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या यंत्रातली मोठी सोय.

तिला इथे राहायचं होतं. हे ती जीव गेला तरी कबूल करणार नव्हती, पण होतं. इथे कोणी डोक्यावरून हात फिरवत नव्हतं. कोणी पाहुण्यांसमोर "बिचारी" म्हणत नव्हतं. तिनं एकदा एका साहेबांच्या कवळीत सुळा उलटा बसवला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "पुन्हा असं केलंस तर हेच दात तुझ्या घशात घालीन," आणि मग शेजारी बसून दाखवलं होतं. एवढा मान तिला आधी कुठे मिळाला नव्हता.

आता ऑफिसातल्या ताई शनिवारी येणार होत्या. ताईंचं काम मुलं घरोघर पोचवणं आणि ती तिथं टिकतात का ते पाहणं. त्यांना काकूंकडून एकच उत्तर हवं होतं, अठरा पूर्ण होईपर्यंत पार्सलला ठेवणार की नाही. फोनवर काकू म्हणाल्या, "बघू." पार्सलनं दाराआडून ऐकलं. आधीच्या चार घरांनीही 'बघू'च म्हटलं होतं, आणि मग बघायची वेळ तिच्यावर आली होती, नवं घर.

आणि त्याच आठवड्यात सिनेमावाले येऊन टपकले.

त्यांना ताईंनीच पाठवलं होतं. दुसऱ्यांच्या घरी वाढणाऱ्या एका मुलीवर सिनेमा निघत होता. सिनेमाचं नाव ठरायचं होतं, पण एकाच शब्दाचं असणार आणि पुढे तीन टिंबं असणार, एवढं पक्कं होतं. दिग्दर्शकाला सगळे 'सर' म्हणायचे. सर दोन्ही हातांच्या चौकटीतून जग बघायचे आणि चौकटीबाहेरचं काही आलं की त्यांना त्रास व्हायचा.

"मला रॉ हवंय," दारातून आत येतानाच ते म्हणाले. "एकदम रॉ."

"म्हणजे?" काकूंनी पार्सलला विचारलं.

"कच्चं."

"मग थोडा वेळ थांबायला सांग. प्लास्टर ओलंच आहे."

सर फळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांचा श्वासच अडकला. "काय रूपक आहे! सगळ्यांना तोंडं आहेत, पण बोलत कोणीच नाही. हा समाज आहे!"

"हा समाज नाही, हे बँकेतले साहेब आहेत," काकू म्हणाल्या. "आणि तो वरचा जबडा रिटायर हेडमास्तरांचा. हात लावू नका, खालचा यायचाय अजून."

घर तिथल्या तिथे पसंत पडलं. घर आणि पार्सल दोन्ही. घरात शूटिंग आणि पार्सलनं हिरोईनला 'अनुभव सांगायचा'. हिरोईन पंचविशी ओलांडलेली, सिनेमात पंधरा वर्षांची. रोज सकाळी मेकअपवाला तिच्या कपाळावर मुरुमं काढायचा आणि नमुन्याला पार्सलला समोर बसवायचा.

"जरा उजेडात ये गं. वा! नैसर्गिक!"

"आवडली तर ओरिजनलच घेऊन जा," पार्सल म्हणायची.

हिरोईन वाईट नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी पार्सलचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "तुला... नेमकं काय वाटतं गं?"

"आत्ता? हात सोडला तर बरं वाटेल. प्लास्टर लागलंय, तुमच्या अंगठीत जाईल."

मग बाहेरच्या खोलीत संवादांचं वाचन झालं. काकूंची मोटर शूटिंगसाठी आतल्या खोलीत हलवली होती, ती तिथे चालू होती. सिनेमातली आई झालेल्या बाईंनी गळा साफ केला, दोन्ही हात पसरले आणि वाचलं, "ये बाळा. आजपासून हे आपलं घर!"

पार्सल फिसकन हसली.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही. चालू द्या."

"नाही, सांग. मला खरं हवंय."

"असं कोणी म्हणत नाही. 'आपलं' पहिल्या दिवशी? पहिल्या दिवशी 'आमचं' असतं. आमच्या घरात असं चालतं, आमच्या घरात तसं चालत नाही. पोटच्या पोराला 'आपल्या', आम्हाला 'आमच्या'. लोक प्रेमानं जेवू घालतात, कपडे घेतात, ताप आला तर रात्रभर जागतातसुद्धा. आणि सकाळी म्हणतात, आमच्या घरात थर्मामीटर असा ठेवत नाहीत." तिनं खांदे उडवले. "त्यांना कळतही नाही. मला पाच घरांत अजून कोणी 'आपल्या' म्हटलेलं नाही."

आतली मोटर थांबली.

"रॉ!" सर ओरडले. "लिही, लिही!" त्यांनी संवाद लिहिणाऱ्याला हाक मारली. "हिरोईनला मोनोलॉग. 'आपण' आणि 'आम्ही'. खिडकीत उभी. मागे व्हायोलिन."

अशा रीतीनं पार्सलचं एक वाक्य घेऊन त्याचा अख्खा रीळभर हुंदका झाला. तिकडे पार्सलचं लक्ष नव्हतं. ती मोटर पुन्हा कधी चालू होते ते ऐकत होती. बराच वेळ झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकू नेहमीपेक्षा ताठ बसल्या होत्या. घसा खाकरून म्हणाल्या, "आपल्या घरात मीठ जरा कमीच असतं, नाही का?"

काकांनी चमचा खाली ठेवला.

"आपल्या नळाला आज पाणी जोरात होतं," काकू पुढे म्हणाल्या. "आणि आपली ती खिडकी. आपण ती पुसायला हवी आपल्या फडक्यानं." कपाळावर घाम जमला होता. गाडी सुटली ती सुटलीच. "आणि हे बघ, तेवढं आपल्या नवऱ्याला अजून एक बटाटा वाढ."



"कुणाच्या?" काकांनी विचारलं. त्या आठवड्यातला त्यांचा घरातला पहिला शब्द.

पार्सलला हसू आवरेना. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. काकाही हसले. काकूसुद्धा लाल होऊन हसायला लागल्या. आणि तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण हसता हसता पार्सलच्या मनात आलं, हे पाठ केलंय. काल दाराआडून ऐकलं, आज पाठ करून म्हणून दाखवलं. शनिवार तोंडावर आहे. जाणाऱ्याशी लोक गोडच बोलतात. तिसऱ्या घरानं तर शेवटच्या आठवड्यात नवा स्वेटर दिला होता.

"छान जमलं, काकू," ती म्हणाली. "पण अभिनयाला हिरोईन आहे. तुम्ही कशाला त्रास घेता? की खोटं बसवायची सवयच लागलीय, दातांमुळे?"

काकूंचं हसू तोंडावरच राहिलं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी ताटल्या उचलल्या.

पार्सल खोलीत गेली, दिव्याचं बटण दाबलं, विझवलं, परत दाबलं. शब्द परत घ्यायचं बटण काकांनी बसवलेलं नव्हतं.

त्यानंतर काकूंनी दोन्ही शब्द टाकून दिले. "घरात बूट घालत नाहीत." "दार लावून घे, घराचं." घर कुणाचं, ते हवेत. पार्सलनं हेही टिपलं. 'आमच्या'त निदान कोणीतरी घराचं मालक तरी होतं.

शनिवारी सिनेमातला शेवटचा प्रसंग होता. मुलीला घरातून परत पाठवतात, ती बॅग घेऊन दाराबाहेर पडते, फाटकापर्यंत चालत जाते. त्याच वेळी ताई आल्या, आपल्या कामाला, पण नवे कपडे घालून आणि केस सेट करून. कॅमेऱ्याला आपली कुठली बाजू बरी दिसेल हे त्यांनी मेकअपवाल्याला विचारून घेतलं आणि मग काकूंना म्हणाल्या, "मग? काय ठरलं आपलं?"

"बघू," काकू म्हणाल्या. "हे लोक एकदाचे जाऊ देत."

हिरोईन सकाळपासून रडून दमली होती. शॉट पाठमोरा होता. सरांनी चौकट वळवली ती थेट पार्सलकडे. "पाठच हवीय ना? पार्सल, तू चाल. हिचं जॅकेट घाल."

जॅकेट घातलं. बॅग उचलली. आत रद्दीचे गठ्ठे होते. पार्सल दारातून निघाली आणि फाटकाकडे चालत गेली.

"कट! अगं, बाजारात चाललीस का? पहिल्यांदा घर सोडतेयस असं चाल."

"पहिल्यांदा नाहीये."

"समज!"

ती पुन्हा आत आली, पुन्हा निघाली.

"कट! खांदे पाड जरा. तुला नकोय कोणी, हे पाठीतून दिसायला हवं."

पुन्हा.

"कट! मधे थांब. मागे वळून बघ. कोणी थांबवतंय का, बघ."

"मागे कोणी बघत नसतं, सर."

"का?"

"बघितलं तर दार लावताना दिसतात." पार्सल अगदी सहज म्हणाली. "हळूच लावतात. आवाज होऊ नये म्हणून."

"जबरदस्त! तेच हवंय! बघच!"

पुन्हा निघाली. या खेपेला पायांना खरोखरच कळेना, हे नाटक आहे की शनिवार. ताई तर उभ्याच होत्या. बॅग हातात होतीच. निघायचंच असेल तर आत्ताच का नको, या जॅकेटसकट? फाटकापाशी ती थांबली आणि वळली.

दार लावलेलं नव्हतं. दारात काकू उभ्या होत्या, हाताला प्लास्टर, एका मुठीत कुणाचा तरी खालचा जबडा.

"अप्रतिम!" सर उड्या मारत होते. "हा चेहरा! कॅमेरा पुढून घ्या! अजून एकदा, पण रडत. ग्लिसरीन आणा रे! पार्सल, आता असं समज, की तू या घरात कधीच..."

"ए बाबा!"

काकूंचा आवाज मोटरपेक्षा मोठा आहे, हे त्या दिवशी काकांनाही नव्यानं कळलं.

"बंद कर ते यंत्र! बंद कर म्हणते ना! सकाळपासून बघतेय. हौस म्हणून किती वेळा बाहेर काढाल पोरीला? वर तिनं रडायचं? का म्हणून? आमच्या घरात असं चालत नाही!"

"काकू, शॉट चालू..."

"खड्ड्यात गेला तुझा शॉट! आमच्या पोरीला कोणी घराबाहेर काढायचं नाही. खोटं खोटंसुद्धा नाही. आम्ही एकदा कवळी करायला घेतली की ती बसवतोच. घासतो, पुन्हा घासतो, पण बसवतो. परत करत नाही!"

ग्लिसरीनवाला ग्लिसरीन धरून उभा राहिला. सरांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू प्रकाश पडला. चार दिवसांपूर्वी शिकलेला धडा त्यांना आठवला होता.

"पण काकू," ते मृदू आवाजात म्हणाले, "तुम्ही 'आमच्या' म्हणालात. इथे 'आपल्या' हवं ना?"

काकूंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पार्सलकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं.

पार्सल फाटकापाशी तशीच उभी होती. मग तिनं नाक जॅकेटच्या बाहीला पुसलं. हिरोईनच्या जॅकेटच्या, आणि चांगलं जोरात.

"नाही, सर," ती म्हणाली. "तुम्हाला सांगताना 'आमच्या'च."

आणि बॅग तिथेच सोडून ती परत आली. पायरीवर बसली, बूट काढले, जोडीनं लावले आणि आत गेली. मागोमाग समजूत काढायला सर लगबगीनं निघाले. त्यांचा एक पाय उंबऱ्यात पडतो न पडतो तोच आतून आवाज आला.

"सर, बूट! आमच्या घरात बूट बाहेर काढतात."

ताईंनी काकूंकडे पाहिलं. "म्हणजे मी काय लिहू?"

"तुम्हीपण काढा बूट," काकू म्हणाल्या. "मग आत या, सांगते."

सिनेमा पुढे लागला. नाव एका शब्दाचं, पुढे तीन टिंबं. 'आपण' आणि 'आम्ही'वरचा मोनोलॉग व्हायोलिनसकट होता, आणि तिघंही त्यात थोडा वेळ झोपली. पेपरांत हिरोईनचं फार कौतुक आलं. शेवटच्या प्रसंगात तिनं नुसत्या पाठीनं जो अभिनय केला, तो म्हणे पुढच्या पिढ्यांनी अभ्यासावा असा.

थिएटरात तो प्रसंग आला तेव्हा सगळीकडे सूं सूं चाललं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाई रुमालात तोंड खुपसून म्हणाल्या, "काय चालते हो ही पोरगी! काळीज हललं."

आणि वर्षभरात चार शब्द बोलणारे काका त्यांच्याकडे वळून भर अंधारात मोठ्यांदा म्हणाले, "ती पाठ आमची आहे!"

"शांत राहा, काका," पार्सल म्हणाली. "घाबरू नका."